सेलमचं बोलावणं

साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या भुयारी रस्त्यात स्कूटर शिरणार एवढ्यात हँडलखालच्या खणात ठेवलेला फोन उजळला. क्रांतीला त्यावरचा निरोप वाचायचा नव्हता, पण नजर गेली ती गेलीच. ‘मॅडम, मंडळातून माझं नाव काढून टाका. तुम्ही परवा बोललात ते बरोबरच होतं. पण ते आमचं नव्हतं.’ पाठवणारा वीरधवल. मग वरचा उजेड मागं पडला, दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ आल्या, पुढच्या ट्रकचे तांबडे दिवे तेवढे दिसत राहिले, आणि रोज जिथं वळायचं तिथं ती वळलीच नाही. वर आली तेव्हा समोर कॉलेजचा रस्ता नव्हता. भलत्याच तोंडातून ती बाहेर पडली होती आणि एप्रिलचं ऊन सरळ डोळ्यांत आलं. मागून कुणीतरी चिडून हॉर्न वाजवला. तिनं स्कूटर एका बंद दुकानाच्या पायरीशी घेतली आणि वीरधवलला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंदच. वर्षानुवर्षं एकाच रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला एखाद्या दिवशी चुकल्यावर वाटतं तसं तिला वाटलं, घाबरल्यासारखं आणि आत कुठंतरी मोकळंही. वर्गात मुलं येऊन बसली असतील. आज येत नाही एवढंच तिनं प्राचार्यांना कळवलं, कारण दिलं नाही, आणि दिलं नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं. स्कूटर स्टँडवर लावून ती सांगलीच्या एसटीत बसली.

वीरधवल सांगलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होता. त्याचं गाव कवठे महांकाळच्या पुढं, कुसळं आणि दगड यांशिवाय पूर्वी काही न पिकणाऱ्या माळावरचं. त्या बाजूची माणसं पावसाची वाट बघून थकली आणि मागच्या पिढ्यांतच बाहेर पडली. देशभरच्या सराफ बाजारांत, मागच्या बोळांतून, त्यांनी गलाईची दुकानं टाकली. सराफाकडचं जुनं सोनं-चांदी आटवायची, तेजाबात घालून शुद्ध करायची आणि परत द्यायची. भाषा येत नाही, ओळख नाही, आणि परक्या गावातला सराफ यांच्या हातावर सोनं ठेवतो. हे कसं जमतं, यावर वीरधवलचं संशोधन चाललं होतं. क्रांती त्याची मार्गदर्शक होती ती विद्यापीठानं नेमलेली नव्हे, एका परदेशी मंडळातली. उद्योजकतेवरचं बरंचसं संशोधन पश्चिमेकडच्या चार श्रीमंत शहरांवरून झालेलं. तेव्हा आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका इथं काम करणाऱ्या तरुण संशोधकांना हात द्यावा, त्यांचं म्हणणं जगापुढं आणावं, असा त्या मंडळाचा हेतू होता. हेतू खरा होता, याबद्दल क्रांतीला आजही शंका नव्हती. दर महिन्याला पडद्यावर चौकटी उघडत. एका चौकटीत नैरोबीची हसरी बाई, एकीत हनोईचा चष्मेवाला मुलगा, एकीत कुठल्याशा थंड देशातले पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक, ज्यांच्या खिडकीबाहेर बर्फ असे. परवा त्या प्राध्यापकांनी विचारलं होतं, की नव्या माणसाला दुकान काढून कोण देतं? करार कशावर होतो? वीरधवल म्हणाला, ‘भावकी.’ तेवढाच एक शब्द. प्राध्यापकांनी कान पुढं केला. वीरधवल पुढचं इंग्रजी वाक्य जुळवत होता, त्याचे ओठ हलत होते, आणि तेवढ्यात क्रांती बोलून गेली. याला सोशल कॅपिटल म्हणता येईल, ती म्हणाली, नात्यांतून विणलेलं विश्वासाचं जाळं. प्राध्यापक खुलले. हनोईच्या मुलानं मान हलवून लिहून घेतलं. वीरधवलचे ओठ मिटले. ते मिटताना तिला दिसले होते. तेव्हा दिसले होते, हे तिला आत्ता एसटीत कळत होतं.

कराड मागं पडलं, दोन्हीकडं ऊस सुरू झाला. खिडकीच्या काचेचा खडखड आवाज थांबावा म्हणून तिनं फटीत रुमाल खुपसला. वाईच्या शाळेत मास्तर असलेल्या वडिलांनी हौसेनं तिचं नाव क्रांती ठेवलं, आणि या क्रांतीनं आयुष्यात पहिलं काम केलं ते निरोप्याचं. आई आणि वडील आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नसत. आई चुलीपुढून म्हणे, ‘म्हणावं, गिळायला या.’ क्रांती ओसरीवर जाऊन सांगे, ‘आई म्हणते, पान वाढलंय.’ वडील पुस्तकातून मान वर न करता म्हणत, ‘सांग तिला, भूक मेली माझी.’ क्रांती आत येऊन सांगे, ‘बाबा येतायत थोड्या वेळानं.’ घर चालू राहिलं. सगळे म्हणत, पोरगी गुणाची आहे. त्या गुणावरच ती पुढं आली. पहिलं संशोधन तिनं लोणंदच्या बाजारातल्या बायकांवर केलं होतं. बनुबाई नावाची एक व्यापारीण कांद्याच्या पोत्यांवर मांडी ठोकून बसायची. धंद्यात का आलात, असं विचारल्यावर तिनं तोंडातलं पान बाजूला थुंकून सांगितलं, ‘घरात बसलं की डोस्कं फिरतंय बाई. हितं चार गडी शिव्या देत्यात, आपुन आठ द्याच्या. बरं वाटतं.’ आणि ती एवढी हसली की खालची पोती हलली. क्रांतीच्या लेखात त्याचं ‘सार्वजनिक अवकाशातील सहभाग’ झालं. लेख परदेशात छापून आला, तिचं कौतुक झालं, बोलावणी आली. बनुबाईचं हसणं मात्र कुठल्या ओळीत गळालं ते तिला पुन्हा कधी सापडलं नाही. खोटं तिनं काही लिहिलं नव्हतं. समोरच्याला सोसेल असं करून सांगितलं होतं, एवढंच. त्यांच्यापर्यंत काहीच न पोचण्यापेक्षा थोडं पोचलेलं बरं, असं ती स्वतःला सांगत आली होती, आणि हेच ती वीरधवललाही शिकवत होती, मदत म्हणून.

सांगलीच्या स्टँडवरून तिनं त्याच्या कॉलेजात फोन केला. तो यात्रेसाठी गावी गेलाय, असं कारकुनानं सांगितलं. ‘गलाईवाल्यांची यात्रा म्हंजे काय विचारता मॅडम,’ तो वर म्हणाला. पुढच्या गाडीत उभं राहायलाही जागा मिळेना. मिरज ओलांडल्यावर मळे विरळ झाले, मग मधूनच द्राक्षांचे मांडव लागले आणि पुन्हा माळ. गाव आलं तेव्हा दुपार चढली होती. वेशीपासूनच गाड्या लावलेल्या, तमिळनाडूच्या, केरळच्या, पंजाबच्या, एक थेट आसामची. एरवी वर्षभर कुलूप असलेल्या बंगल्यांच्या गच्च्यांवर गाद्या उन्हाला टाकलेल्या. दोन मुलं गल्लीत भांडत होती ती तमिळमधून, आणि त्यांची आजी त्यांना मराठीतून शिव्या देत होती. क्रांतीला हे सगळं वीरधवलच्या लिखाणातून पाठ होतं, तरी ती थांबून बघत राहिली. त्याच्या लिखाणात, तिनं दुरुस्त केलेल्या त्याच्या लिखाणात, ही आजी नव्हती.

वीरधवलचं घर एका तिमजली बंगल्याला टेकून होतं. साधं, पत्र्याचं, पुढं कडुनिंब. निंबाखाली बाजेवर एक खांदे पडलेला माणूस बसला होता. श्वास घेताना त्याची मान जरा वर उचलली जाई, जणू हवा वरच्या फळीवर ठेवलीय. हे त्याचे वडील, आकाराम आप्पा. आई चंद्राबाई पदराला हात पुसत बाहेर आली, ‘आवं, सातारच्या बाई काय वो तुमी? उनाचं आलासा! पोराचं काय चुकलं का?’ म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता पाणी आणायला आत गेली. वीरधवल मागच्या दारातून आला नि तिथंच उभा राहिला.

‘मॅडम, तुम्ही? इथं?’

‘फोन बंद होता तुझा.’

‘बंद ठेवला हुता.’

त्यानं तिला मागच्या बाजूला, हौदापाशी नेलं. रस्त्यात तिनं वाक्य जुळवलं होतं. ‘तुझ्या तोंडातला शब्द मी काढून घेतला,’ ती म्हणाली. ‘घ्यायला नको होता.’

‘शब्दाचं न्हाई ओ मॅडम.’ घरी आल्यावर त्याची भाषाही घरी आली होती. ‘तुम्ही म्हणालात तेच पुस्तकांत हाय. विश्वासाचं जाळं. मलाबी तसंच लिहायचं हुतं. खोटं थोडंच हाय? ह्या बंगल्यातले आबा, नाथाजी आबा, आप्पांचे चुलतभाऊ. आप्पांना तिकडं तमिळनाडूत सेलमला त्यांनी नेलं. हातात काम दिलं, सराफाला सांगितलं का हा माझा भाऊ, ह्याच्यावर सोनं टाक. एक कागुद न्हाई, सही न्हाई. आप्पा लय वर्सं राबले तिथं. तेजाबाच्या धुरानं छाती गेली. आबा म्हणाले, गावाकडं जा, हवापालट कर, बरा झालास का बोलावतो.’ तो हौदाच्या कडेवरचं शेवाळ नखानं खरवडू लागला. ‘आप्पा बरे झाले, पहिल्यासारखे न्हाई, पण झाले. बोलावणं आलं न्हाई. त्यांच्या जागी आबांचा मेव्हणा बसला. आप्पा कितीक दिवस रोज दाढी करून बसायचे, आज सांगावा यील म्हणून. आन मला शिकवलं कुणी? आबांनीच. सांगलीत ठिवलं, फी भरली, कवा बोलून दाखवलं न्हाई. मग मी काय लिहू मॅडम? भावकीनं उभं केलं, का भावकीनं बसवलं? दोनी एकाच माणसानं केलंय. आन तो माणूस आत्ता पलीकडच्या अंगणात बोकडाचं वाटं घालतोय.’

 भिंतीपलीकडून सुऱ्याचा ठक्-ठक् आवाज येत होता आणि कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. पडद्यावरच्या त्या चौकटींत ज्याला संदर्भ म्हणतात, तिला वाटलं, तो इथं भिंतीपलीकडं वाटे घालतोय, आणि थोड्या वेळानं जेवायला हाक मारील. संदर्भ समजून घ्या, संदर्भाचा आदर करा, असं मंडळात सारखं म्हणत. तीही म्हणे. पण त्या बर्फाच्या खिडकीतून निघालेला माणूस संदर्भात जातो आणि परत येतो. वीरधवल परत कुठं येणार? त्याला लिहून झाल्यावर याच अंगणात झोपायचं होतं. तिला एकदम खूप थकल्यासारखं झालं. या पोराला आपण काय शिकवत होतो? प्रश्न कसे विचारावेत, उत्तरं कशी लावावीत. विचारणाऱ्याच्या पोटात काय होतं ते आपण कधी विचारलंच नाही, कारण त्याचं इंग्रजी करता आलं नसतं.

जेवायला हाक आलीच. नाथाजी आबा स्वतः आले, पांढराशुभ्र सदरा, बोटांची टोकं तेजाबानं कायमची पिवळी. ‘आवं, तुमी आमच्या पोराच्या गुरू, मग आमच्याच पाव्हण्या की,’ म्हणत ते तिला बंगल्यात घेऊन गेले. आकारामला त्यांनी हात धरून पायऱ्या चढवल्या. चढताना ते थांबत थांबत चढले, आकारामला थांबावं लागतंय असं दिसू नये म्हणून मधेच भिंतीवरचे फोटो दाखवत. क्रांतीनं हे बघितलं, आणि हौदापाशी मनात तयार झालेला माणूस तिला मोडावा लागला. जेवणं झाली. आबा लोडाला टेकले. ‘ईचार रं वीरू, बाई आल्यात तर. तुझं ते काय टेप करायचं असंल तर कर.’ वीरधवलनं फोन मध्ये ठेवला. आबा रंगून बोलू लागले. सेलमला पहिल्यांदा उतरले तेव्हा फक्त ‘तण्णी’ हा पाण्याचा शब्द येत होता म्हणून दिवसभर पाणीच पीत राहिले, आणि एका म्हाताऱ्या सराफानं जोखायला मुद्दाम जास्त सोनं दिलं नि यांनी ते परत नेलं. सगळे हसले, चंद्राबाई दाराआडून हसली. क्रांतीला हे ऐकताना लेखातली वाक्यं आपोआप सुचत होती, ती तिला बंद करता येईनात.

आणि मग तिनं वीरधवलकडं बघितलं. त्याचे ओठ हलत होते. तो काय विचारणार हे तिला त्याच्या आधी कळलं, आणि तिच्यातली गुणाची पोरगी उठून उभी राहिली. ‘आबा, दमला असाल, राहू दे आता,’ हे वाक्य तिच्या जिभेवर पूर्ण तयार होतं. त्या वाक्यानं किती गोष्टी सावरल्या असत्या. यात्रेचा दिवस, भरलेलं घर, एका ताटात जेवलेली माणसं. तिनं ते वाक्य धरून ठेवलं. दातांमागं धरून ठेवलं.

‘आबा,’ वीरधवल म्हणाला, ‘आप्पांना तुम्ही परत का बोलावलं न्हाई?’

पंखा फिरत राहिला. दाराआडचं हसू थांबलं. आकाराम भिंतीला टेकून बसला होता, त्यानं मान खाली घातली, जणू त्याचीच काही चोरी उघडी पडली होती. आबांनी आधी फोनकडं बघितलं, मग वीरधवलकडं. रागावतील असं वाटलं. ते उठलेही अर्धे, पुन्हा बसले.

‘बोलवायचं हुतं,’ ते म्हणाले.  ‘बोलवायचंच हुतं रं. तात्पुरता म्हनून मेव्हन्याला बशीवला. ह्याची छाती नीट हुतीया का बघू, दिवाळीला बोलवू. दिवाळी झाली, म्हनलं पाडव्याला. मेव्हना बी रुळला, त्याचं लगीन निगालं, त्याला कुटं हाकलू? तसं करता करता लय उशीर झाला. आन उशीर झाला की मग लाज वाटाय लागती बग. येवढ्या उशिरा कुठल्या तोंडानं सांगावं, ये म्हनून? गावात आलो की ह्येच्या दारावरनं जाताना मी फोनवर बोलल्यागत करायचो. कुनाचा फोन नसायचा.’

वीरधवलनं हात पुढं केला आणि फोन बंद केला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आकाराम खाली बघतच बोलला. आवाज एवढा बारीक, की सगळ्यांना पुढं वाकावं लागलं. ‘मला वाटलं, दादा, माजं कामच बिगाडलं असंल कायतरी. सोनं कमी भरलं असंल. मी बसून बसून तेच आठवायचो. कंच्या सराफाचं, कवा.’

‘न्हाई रं,’ आबा म्हणाले. ‘न्हाई. तुज्या हाताचं कवा कमी भरलं न्हाई.’

‘मग सांगायचं तरी,’ आकाराम म्हणाला. ‘एवडंच सांगायचं.’

 कुणी रडलं नाही, कुणी कुणाच्या पायाला हात लावला नाही. आबांनी पानाचं तबक पुढं ओढलं, एक पान लावलं, आकारामपुढं ठेवलं. आकारामनं ते उचललं नाही, सारलंही नाही. थोड्या वेळानं बाहेर हलगी वाजू लागली आणि आबांना बोलावणं आलं, मानकरी होते ते. जाताना दारात ते क्रांतीपाशी थांबले. ‘बाई, हे लिवणार का तुमी?’ त्यांनी विचारलं. तिला नाही म्हणता आलं असतं. ‘मला माहीत नाही,’ ती म्हणाली. ‘वीरधवल ठरवील. आणि त्यानं लिहिलं तर आधी तुम्हाला वाचून दाखवील.’ आबांनी मान हलवली. होकाराची की कसली, ते तिला कळलं नाही.

संध्याकाळच्या आधी निघावं म्हणून ती उठली. वीरधवल हौदावर तोंड धूत होता. ‘मॅडम, नाव राहू द्या,’ तो पाण्याआडून म्हणाला. ‘पण विषय तो राहणार न्हाई. दुकान कसं उभं राहतं हे मला माहीतच होतं. ज्यांना माघारी पाठवलं त्यांचं काय झालं, ते बघतो. ह्या गावात आप्पा एकटे न्हाईत. मंडळाला चालंल का?’

‘चालेलसं वाटत नाही. विषय बदलला की तुझी जागा जाऊ शकते.’

‘आन तुमची?’

याचा तिनं विचार केला नव्हता. ‘मी बोलते त्यांच्याशी,’ ती म्हणाली, ‘आणि तू सांगशील तसंच बोलेन. नाहीच ऐकलं तर सातारा-सांगलीत तुझ्यासारखी आणखी पोरं आहेत. महिन्यातून एकदा कुठंही बसू. मराठीत बसू.’ टॉवेलानं तोंड पुसताना त्याचा चेहरा सैल झाल्यासारखा दिसला. त्याला मिरवणुकीत पालखीला खांदा द्यायचा होता. तो गेला.

तिला फाट्यापर्यंत पोचवायला आकाराम निघाला. नको नको म्हटलं तरी ऐकेना. थोडं चालून तो थांबे, मान वर उचलून हवा घेई, आणि पुन्हा निघे. ती त्याच्या चालीनं चालली. आता कुणाच्या बोलावण्याची वाट बघायची नाही, घाई नाही, असं काहीतरी त्याच्या चालण्यात होतं. फाट्यावर दगडाच्या कट्ट्यावर दोघं बसली. गावातून हलगीचा आवाज लाटेसारखा येत होता, जात होता. माळावर सावल्या लांब झाल्या होत्या.

‘बाई,’ आकाराम म्हणाला, ‘एक ईचारू का?’

‘विचारा की.’

‘पोरगं आमास्नी ईचारतंय, तुमी पोराला ईचारता. तुमास्नी कोन ईचारतंय का?’

‘काय?’

‘ह्येच. ह्यो एवडा उटारेटा कशापायी करता? सातारहून हितवर, परक्या पोरामागं.’

उत्तर तयार होतं. मंडळाच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर तिच्या फोटोखाली ते छापलेलं होतं, सुबक, तीन ओळींत. ते तिच्या जिभेवर आलं आणि या माळावर, या माणसापुढं, इतकं विचित्र वाटलं की ती हसली. मग हसू थांबलं. वळणावर धूळ उठली, एसटीचा तांबडा रंग दिसला. आकारामनं गाडी थांबवायला हात वर केला.

‘राहू द्या,’ क्रांती म्हणाली.

‘आवं, ही गेली तर मग पार दिवस बुडताना हाय.’

‘जाऊ द्या ती.’

गाडी हळू झाली, कुणी उठत नाही बघून पुन्हा वेग घेऊन गेली. धूळ दोघांच्या अंगावर बसली. आकाराम खोकला, खोकला थांबेपर्यंत ती थांबली. मग छापील नव्हे, आपलं उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं आणि पहिला शब्दच तिला सापडेना. आकारामला घाई नव्हती. तो श्वास घेत, तिच्याकडं बघत बसून राहिला.